बांडगुळावरची टिचकी

कोन गावातल्या माझ्या मामीच्या आंब्याखाली उभं राहिलं की हल्ली सगळ्यात आधी रस्ता ऐकू येतो. द्रुतगती मार्ग वाडीपासून तसा लांब आहे, पण त्याचा आवाज लांब राहत नाही. तो जमिनीतून येतो आणि तळपायांना आधी कळतो. लहानपणी याच झाडाखाली काय काय ऐकू यायचं, ते मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. उंबरावरच्या तांबटाची एकसुरी ठोक. विहिरीत सोडलेली कळशी पाण्याला टेकायची तो आवाज. मामीच्या सुपातले तांदूळ. आणि या सगळ्याच्या वर, डोक्याच्या अगदी वर, कोरडी, बारीक, न थांबणारी टिक्, टिक्, टिक्.

ती टिकटिक करणाऱ्या पक्ष्याला आम्ही टिचकी म्हणायचो. पुस्तकात त्याचं नाव फुलटोच्या आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अंगठ्याएवढा जीव. राखेत शेवाळ कालवावं तसा रंग, चोच किंचित वाकडी. दिसण्यात काही नाही. पाहुण्याला दाखवला तर तो "एवढाच?" म्हणतो. त्याच्याकडे जे काही आहे ते आवाजात आहे.

नाव मामीचं. एका उन्हाळ्यात मला कावीळ झाली आणि आईने मला पनवेलहून तिच्या माहेरी, कोनला, आणून ठेवलं. दिवसभर मी आंब्याखालच्या खाटेवर पडून असे. वाचायचं नाही, उन्हात जायचं नाही, तळलेलं मागायचं नाही. ऐकणं तेवढं करता यायचं. मामी ताक घेऊन यायची आणि वर मान करून म्हणायची, "बग, कोनतरी तुना टिचक्या मारून उठवतंय. ऊठ आता." मी उठायचो नाही. पण त्या दिवसापासून तो पक्षी आमच्या घरात टिचकी झाला.

त्याच उन्हाळ्यात मामा कोयत्याला धार लावून आला होता. आंब्याच्या पूर्वेकडच्या फांद्यांवर बांडगूळ चढलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बांडगूळ म्हणजे झाडाच्या फांदीत मुळं घालून, त्याचाच रस पिऊन वाढणारं दुसरं झुडूप. पानं त्याची वेगळी, जाड. फुलं नळीसारखी. मग गुलाबीसर, चिकट फळं. टिचकी ती फळं खाते, आणि पोटातून बाहेर आलेली चिकट बी फांदीवर घासून पुसते. बी तिथेच चिकटते आणि रुजते. म्हणजे ही पाखरं आपली शेती आपणच करतात, दुसऱ्याच्या जमिनीवर. आंबेवाले म्हणूनच बांडगूळ दिसलं की कापतात. मामाही कापणारच होता. मामी त्याला म्हणाली, "पोराला तेवढीच सोबत हाय. ऱ्हाऊ दे औंदा."

ते औंदा संपलंच नाही. मी बरा झालो, मोठा झालो, तरी दर उन्हाळ्यात कोनला आलो की आधी वर बघायचो, आणि मामी मामाला सांगायची, ऱ्हाऊ दे. त्या बाजूला मोहर विरळ यायला लागला. माझा मामेभाऊ जनू माझ्याहून बराच लहान, पण जिभेला तेव्हापासून धार. तो म्हणायचा, "दादा, तुजा बांडगूल वाडला बग." आणि मग माझ्या ताटातल्या आंब्याच्या फोडींकडे बघून म्हणायचा, "दोगं बी एकाच झाडावर पोसतात."

त्या दिवसांतलं काय काय आठवतं! भातखाचरांत राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळायचे, त्या धुराचा कडवट गोड वास कपड्यांत राहायचा. धूर उठला की कुठून कुठून कोतवाल पक्षी यायचे आणि पळणारे किडे टिपायला धुरात सूर मारायचे. काळ्या शेपट्या, काळा धूर. कैरीचा चीक ओठाला लागून पडलेला चट्टा. अंगणात दोरीवर वाळणारे बोंबील आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली घार. आगोट भरायची, म्हणजे पावसाआधीचं धान्य, मीठ, सुकी मासळी साठवायची घाई, आणि मिरच्या कांडताना सगळ्या आळीला एकदम लागलेला ठसका. पिवळाजर्द हळद्या एकदाच, पानाआडून, आणि मग दिवसभर नुसता त्याचा भरलेला आवाज. मे महिना सरता सरता विहिरीमागच्या ओलीत उतरलेला नवरंग पक्षी, लांबून आल्यासारखा दमलेला, पालापाचोळ्यात पाय आपटून चालणारा. संध्याकाळी उरणच्या बाजूने खारा वारा यायचा आणि आंब्याची पानं एकदम उलटी होऊन पांढुरकी दिसायची. त्या वाऱ्यातसुद्धा वर टिक्, टिक् चालूच. ती इतकी सतत असायची की तिला आवाज म्हणावं की शांततेचाच एक भाग, हे ठरवता यायचं नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, पनवेलमध्ये घर झालं. कचेरीत दुसऱ्यांच्या बेरजा तपासणं हे माझं काम, आणि ती सवय सुट्टीच्या दिवशीही सुटली नाही. उन्हाळा लागला की दर रविवारी आम्ही तिघं-चौघं सकाळी पक्षी बघायला निघतो. कधी कर्नाळ्याच्या पायथ्याला, कधी खाडीकडे, आणि वर्षातून काही फेऱ्या ठरलेल्या कोनच्या वाटेवर. पक्षी मोजायचे नियम मी घालून दिलेले. उडताना दोनदा दिसला तर एकच धरायचा. आणि ऐकून मोजायचा असेल तर ज्याने ऐकला त्याने खात्री दिली पाहिजे. प्रत्यक्षात खात्री मीच द्यायचो, कारण कान माझे चांगले, असं सगळे मानत. मीही मानत होतो.

आमच्यात रफीकभाई आहेत. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुर्बीण माझ्यापेक्षा चांगली. चार-पाच वर्षांपूर्वी कोनच्याच वाटेवर ते अचानक थांबले.

"साहेब, बोलला. तुमचा टिचकीवाला."

"कुठे?"

"अरे, आत्ताच. त्या शेवग्यावर."

मी श्वास धरून ऐकलं. काही नाही. "खात्री आहे?"

"आता तुम्ही असं विचारलं की वकिलासमोर उभं केल्यासारखं होतं, खुदा कसम," ते म्हणाले. "जाऊ द्या. दिवसभर गिऱ्हाइकांना खिळे मोजून देतो, तेच कानात वाजत असतील."

आम्ही हसलो आणि पुढे गेलो. तो पक्षी मी मोजला नाही.

त्याआधीच आकडा उतरायला लागला होता. पूर्वी एका फेरीत बोटं अपुरी पडायची इतक्या टिचक्या ऐकू येत. मग एका हाताच्या बोटांत मावायला लागल्या. मग एखादी, तीही जवळची. मग शून्य. पुढच्या उन्हाळ्यातही शून्य. मी माणूस आकड्याला मानणारा. सलग शून्य आलं की त्याचा अर्थ एकच निघतो.

आणि इथे कुणालाही तो अर्थ लगेच पटतो. खाजणं बुजली, मिठागरं गेली, जिथे टिटवीची अंडी उघड्यावर पडलेली असायची तिथे आता वाहनतळ आहे. हे सगळं खरंच आहे. त्यामुळे पनवेलमध्ये एखादी गोष्ट गेली म्हणून सांगितलं तर कुणी पुरावा मागत नाही. गेलेल्यांत आणखी एक, इतकंच.

वाचनालयाच्या सभागृहात उन्हाळी पक्ष्यांवर बोलायला मला बोलावलं होतं, तेव्हा मी खाटेची गोष्ट सांगितली, मामीने ठेवलेलं नाव सांगितलं, लोक हसले. मग मी जरा थांबलो आणि म्हणालो, "आता ती टिचकी गेली." सभागृहात एक हळहळ उमटली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. घरी येताना ती हळहळ माझ्या कानात होती आणि मला ती बरी वाटत होती. नंतर मी ते वाक्य आणखी दोन-तीन ठिकाणी म्हणालो. थांबायचं कुठे, हेही मला ठाऊक झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मामीलाही सांगितलं. मामीला आता कमी ऐकू येतं. तिच्याशी बोलायचं तर अख्ख्या आळीशी बोलावं लागतं.

"मामी, ते बांडगूळ आता काढून टाका! पक्षी गेला!"

"क? कोन मेला?"

"मेला नाही, गेला!"

"मंग तेच की," मामी म्हणाली. मग बराच वेळ वर बघत राहिली. तिला दिसत तरी काय असणार. "तुज्यासाटी ठेवला व्हता. तू बोलतंस तर काडू. पन आता पावूस तोंडावर आला. पुडच्या सालाला."

ते पुढचं साल म्हणजे हे. परवाच्या रविवारी लोणच्याच्या कैऱ्या न्यायला मामीने बोलावलं म्हणून मी शुभदाला, माझ्या बायकोला, घेऊन कोनला गेलो. ओटीवर बसता बसता मामी म्हणाली, "बरा झाला आलास. आज जनू बांडगूल काडनार हाय. शिडी आनायला गेलाय." मी मान हलवली आणि गळ्यात दुर्बीण घालून झाडाखाली गेलो. शेवटचं बघून घ्यावं, असं काहीतरी मनात होतं. खोटं कशाला सांगू, पुढच्या व्याख्यानाचा शेवटही मनात जुळत होता.

शुभदाला पक्ष्यांशी काही देणंघेणं नाही. सगळ्या पक्ष्यांना ती "तुमचे कावळे" म्हणते. खाली पडलेल्या कैऱ्या ती एकेक उचलून, दाबून, पिशवीत टाकत होती.

"अहो, हे वर काय वाजतंय?"

"रस्ता."

"रस्ता वर असतो का? टिकटिक करतंय काहीतरी. आल्यापासून."

"तुझं घड्याळ असेल."

"मी घड्याळ घालते का?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय, तुमच्या डोक्यावरच तर आहे."

मी दुर्बीण वर केली. बांडगुळाच्या जाड पानांत, फळांच्या झुबक्याशेजारी, ती बसली होती. अंगठ्याएवढी, राखेसारखी. चोच उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता. काचेच्या पलीकडून कुणी बोलावं आणि आपल्याला नुसते ओठ दिसावेत, तसं.

"पुन्हा वाजलं की सांग," मी म्हणालो.

"आता," शुभदा म्हणाली. चोच उघडली. "आता." उघडली. "आता. आता. आता. अहो, किती वेळ सांगू?"

प्रत्येक वेळी चोच तिच्या शब्दाबरोबर उघडत होती. एकदाही चुकली नाही. बेरीज तपासून तपासून म्हातारा व्हायला आलेल्या माणसाला याहून स्पष्ट उत्तर कोण देणार.

मी दुर्बीण खाली घेतली. माझं तोंड बघून तिला काहीतरी समजलं असावं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कपड्यांचं मशीन संपलं की वाजतं, ते तुम्हाला ऐकू येतं?"

"ते वाजतं?"

"रोज वाजतं."

तांबट मला ऐकू येत होता. कोकीळ येत होता. रस्ता तर येतच होता. सगळ्यात वरची, बारीक पट्टी तेवढी कुणीतरी कात्रीने कापून नेली होती, आणि ती इतक्या हळूहळू नेली की मला वाटत राहिलं, गाव रिकामं होतंय. रिकामं होत होतं ते माझं डोकं. ज्या सकाळी मी शून्य मोजून खिन्न व्हायचो, त्या प्रत्येक सकाळी ती इथे, या झाडावर, टिचक्या वाजवत असणार. रफीकभाईंना ऐकू आलेली खरी होती. मी तिला मोजली नाही.

कान जातात. वयाने जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला लाज वाटत होती ती त्या हळहळीची. जिवंत पक्ष्याचा शोक करून मी लोकांचे डोळे ओले केले होते, आणि परतताना मला बरं वाटलं होतं. माझं बालपण कुणीतरी हिरावून नेलं, असं सांगण्यात एक मोठेपणा होता. ते माझ्याच कानांनी सोडून दिलं, यात काहीच मोठं नव्हतं.

एवढ्यात जनू शिडी घेऊन आला. बरोबर दोन माणसं. "काय दादा, तेराव्याला आलास का पाखराच्या?" असं म्हणून तो हसला आणि शिडी फांदीला लावून सरसर वर चढला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत राहिलो: थेट सांगावं, की नीट तपासून घ्यावं असं सुचवावं, की पावसानंतर काढा म्हणावं. माझी अब्रू थोडी तरी राहील असं एखादं वाक्य मी शोधत होतो. तेवढ्यात पहिला झुबका कापला गेला आणि पानं, फुलं, चिकट फळं सगळं माझ्या पायाशी येऊन आदळलं.

"जनू, थांब!"

"क झाला?"

"थांब. पक्षी आहे."

ओटीवरून मामी ओरडली, "क बोलतंय तो?"

मग मला ओरडावंच लागलं. मामीशी हळू बोलून चालत नाही. "मामी, पक्षी आहे! गेला नव्हता! मलाच ऐकू येत नव्हता! माझे कान गेलेत!"

शेजारच्या वाडीतली बाई धुणं हातात तसंच धरून कुंपणापाशी आली. जनूची दोन माणसं एकमेकांकडे बघू लागली. मामीचं सगळं अंग हलायला लागलं. ती हसत होती.

"तुजे बी गेले? ये, मंग माज्याजवल बस. आता दोगं मिलून नाय आइकू."

जनू मात्र हसला नाही. शिडीवर, कोयता खांद्याला लावून, तो म्हणाला, "दादा, तूच बोल्लास ना गेल्या सालाला? गेला म्हनून? आयेला तेवा रात्रभर झोप नाय आली." त्याने हातातली फांदी हलवली. तिची टोकं वाळलेली होती. "ही बाजू बग. झाड सुकत चाललाय. मी उगीच कापत नाय. पन पाखरू असंल, तर हात नाय लावनार. आयेचा सबूद हाय. नसंल, तर आज काडतो. बोल. आता हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गेली इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मीच देत आलो. मी वर पाहिलं. कोयत्याच्या घावाने फांद्या अजून हलत होत्या, पानं इकडून तिकडे होत होती, आणि त्यांत मला काही दिसत नव्हतं. झुबका पडला तेव्हा ती उडून गेली असेल. किंवा इथेच, पानाआड, जिवाच्या आकांताने ओरडत असेल. मला दोन्हींत फरक कळत नव्हता.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"मंग कोन सांगंल?"

मी शुभदाकडे वळलो. तिच्या एका हातात कैऱ्यांची पिशवी होती. तिने दुसरा हात वर केला, सगळ्यांनी गप्प व्हावं म्हणून, आणि डोळे मिटले. जनू गप्प झाला. कुंपणापाशीची बाई गप्प झाली. मामीसुद्धा तोंडावर पदर धरून बसली. मला रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. शिडी कुरकुरली ती ऐकू आली. कुठेतरी उंबराकडे तांबट ठोकत होता, एक-एक, मोजून.

शुभदाने डोळे उघडले. झाडाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"आहे," ती म्हणाली.

"नक्की ना, वैनी?"

"आहे म्हटलं ना. उतरा खाली."

जनू उतरला. त्याने कोयता शिडीच्या पायरीला टेकून ठेवला, शर्टाने घाम पुसला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चला रे. च्या पिऊन जावा." मामीला कुणीतरी खुणेने सांगितलं. तिने वर बघून हात जोडले. कुणाला ते तिचं तिला माहीत.

कैऱ्या घेऊन आम्ही रिक्षाने पनवेलला निघालो. पिशवीला चिकाचा वास येत होता. शुभदा बाहेर बघत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून होतो. घरापर्यंत पुष्कळ वेळ होता. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिने खरं सांगितलं असतं.